लिप किटचं काम शिकताना मी पहिला पीस कसा फोडला

या लाइनमध्ये नवीन येणाऱ्या पोरांना वाटतं स्प्रे गन हातात आली म्हणजे काम आलं. मलाही तसंच वाटायचं. लिप किटमध्ये बंपर बदलायचा नसतो, आहे त्याच बंपरच्या खालच्या कडेला एक पट्टी, दोन बाजूंना साइड स्कर्ट, म्हणजे दारांखालच्या पट्ट्या, आणि मागे एखादा छोटा तुकडा, त्यामुळे शिकायला हेच काम सोपं असं सगळे सांगतात. सोपं आहेही, पण मी पहिलाच पीस वाया घालवला ते आधी ऐका.

फायबरची पुढची लिप होती. मी ती बॉक्समधून काढली, घासली आणि थेट रंगवायला घेतली. तीन हात बेस म्हणजे रंग, त्यावर दोन हात क्लिअर म्हणजे पारदर्शक थर, काचेसारखी चमक आली, फोटोबिटो काढून झाले. दुसऱ्या दिवशी बंपरखाली धरली तर मधे बरोबर आणि डावीकडे बोटभर फट! फायबरचे पीस बरेचदा साच्यात हाताने थर देऊन बनवतात, सगळे तंतोतंत सारखे निघत नाहीत, हे मला कुठे माहीत. म्हटलं स्क्रूने ओढून घेऊ. पिळला, अजून अर्धा आटा पिळला आणि कट्ट आवाज आला, स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. उस्ताद आले, वाकून बघितलं आणि काही न बोलता ३२० नंबरचा पॉलिश पेपर माझ्या हातात ठेवून निघून गेले.

तर पहिलं काम कोरडं फिटिंग. रंगाचा डबा उघडायचाच नाही. बंपरचा मध्य काढून मास्किंग टेपवर खूण करा, लिपच्या मध्यावर पण करा, दोन खुणा जुळवून मधे टेपने धरा आणि मग दोन्ही टोकांकडे जा. टोकापासून सुरुवात केली की सगळी चूक दुसऱ्या टोकाला जमा होते. जिथे अडतंय तिथे लिपची कड घासायची, बंपर नाही. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कुठे लागतोय का बघा, गाडीत माणसं बसवून खालची उंची मोजा, रिकाम्या गाडीची उंची फसवी असते. साइड स्कर्ट असेल तर जॅक लावायची जागा झाकली जात नाही ना आणि खालच्या पत्र्यातली पाणी निघायची भोकं बुजत नाहीत ना हे बघाच. ती बुजली तर पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून गंजतो. पत्र्याला भोक पाडावंच लागलं तर उघड्या कडेला लगेच प्रायमर लावा, उद्या नाही.

मटेरियल ओळखायला शिका. प्लास्टिकच्या पीसच्या मागे बहुतेकदा साच्यातच बारीक अक्षरं असतात, पीपी, एबीएस, पीयूआर (यालाच आम्ही पीयू म्हणतो) अशी. पीयू वाकतं, स्पीड ब्रेकरला घासलं तरी सहसा तुटत नाही, पण बॉक्समध्ये दबून वाकडं येतं. ते सपाट जागी उन्हात ठेवा नाहीतर हीट गन सतत फिरवत गरम करा, एका जागी धरली की फोड आलाच. एबीएसवर कडक थिनर ओतू नका, बारीक चिरा पडतात. पीपी सगळ्यात लबाड, हाताला मेणासारखं लागतं आणि प्लास्टिकचा अॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाची पकड बसवणारा थर, न लावता रंगवलं तर रंग सालीसारखा निघतो. फायबरवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, ती प्रायमरनंतर दिसतात, तेव्हा बारीक पुट्टी लावून परत घासायचं. पीयूवर मात्र साधी पुट्टी नको, लवचिक मिळते ती घ्या.

नवीन पीसवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं रसायन असतं. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि स्क्रबर, दोनदा. मग वरून पाणी ओता, थेंब थेंब झाले तर अजून चिकटपणा आहे, पाणी एकसारखं पसरलं तर पुढे चला. ३२० ने घासून प्रायमर, तो नीट सुकला की ६०० ने पाणी लावून, मेटॅलिक असेल तर ८०० ने. एकदा माझ्या क्लिअरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले, अर्धा दिवस गन साफ करत बसलो आणि नंतर कळलं की शेजारी कोणीतरी टायरला चमकवायचा स्प्रे मारत होता. सिलिकॉन हवेतून येतं.

आणि मास्क. टू-के म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरमध्ये, त्या हार्डनरमध्ये, आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो आणि एकदा त्याची अॅलर्जी जडली की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. धुळीचा कापडी मास्क इथे कामाचा नाही, योग्य कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर हवा, हातमोजे हवेत, हवा खेळती हवी. लाजू नका, जो हसतो त्याला हसू दे.

रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, बरेचदा दाराच्या चौकटीत नाहीतर बोनेटखाली. पण कोड बरोबर म्हणजे रंग बरोबर असं नाही, एकाच कोडच्या छटा वेगळ्या असतात, गाडीचा रंग उन्हाने फिका झालेला असतो आणि मेटॅलिकमध्ये तर हवेचं प्रेशर आणि हाताचा वेग बदलला तरी शेड बदलते. म्हणून आधी कार्डावर मारून, क्लिअर देऊन, बंपरशेजारी उजेडात धरा. पीयूसाठी क्लिअरमध्ये तो लवचिक राहावा म्हणून फ्लेक्स घालतात, प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, अंदाजपंचे नको.

बसवताना दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप वापरणार असाल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसा. गाडीला सिरॅमिक कोटिंग किंवा वॅक्स असेल तर टेपखालच्या पट्ट्यावरून ते आधी उतरवा, नाहीतर लिप रस्त्यात सुटेल. टेपचा कागद आधी सगळा काढू नका. टोकाचा चार बोटं सोलून बाहेर दुमडा, लिप जागेवर धरा, खुणा जुळल्या की ते टोक हळूहळू ओढत जा आणि मागोमाग अंगठ्याने दाबा. व्हीएचबीसारख्या जबरदस्त चिकटणाऱ्या फोम टेपची साधारण ५० टक्के पकड २० मिनिटांत येते, ९० टक्के २४ तासांत आणि पूर्ण ७२ तासांत, तेही खोलीच्या तापमानाला, थंडीत अजून वेळ. तोवर गाडी धुवायची नाही हे गिऱ्हाइकाला चावी देतानाच सांगा. पुढच्या लिपला खालून वॉशर घालून स्टेनलेसचे दोन-चार स्क्रू द्याच, फायबरमध्ये आधी भोक पाडून, हाताने पिळून. आणि लिपमुळे गाडी रस्त्याला चिकटते वगैरे सांगून विकू नका, रोजच्या वेगाला ती बहुतेक दिसायलाच असते.

सराव करायला तुटके टाकून दिलेले बंपर मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. मी सध्या तीन थरांचा मोत्यासारखा पांढरा शिकतोय. त्यात मधल्या थराचा एक हात जास्त झाला तरी शेड सरकते. कालच्या कार्डावर चार हात दिले, बंपरपेक्षा पिवळट दिसतंय, आज तीन देऊन बघतो.