पॉकेट कार्टून: चार सेंटिमीटरमध्ये बातमी कशी बसवायची

दिवसभर शाळेत चित्रकला शिकवायची आणि संध्याकाळी सायकल काढून पेपरच्या कचेरीत जायचं, असं मी २१ वर्षं केलं. नाशिक जिल्ह्यातलं छोटं दैनिक. पहिल्या पानावर उजवीकडे खाली, एका कॉलमाची पॉकेट कार्टूनची चौकट माझी. आता निवृत्त झाल्यावर जुने विद्यार्थी घरी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, पुढाऱ्यांचे चेहरे कसे काढायचे?" चेहऱ्यांचं नंतर बघू. आधी पेपर कसा वाचायचा ते शिका.

बातमी वाचताना मनात एवढंच विचारायचं: ही कुणाच्या दारात जाऊन पडली? निर्णय दिल्लीत किंवा मुंबईत होतो, पण तिथलं चित्र सगळेच काढतात. पॉकेट कार्टून त्या दाराचं असतं.

उदाहरण घेऊ. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ३१ मार्च २०२४ पर्यंत बंदी घातली. आमच्या भागात लोक रस्त्यावर उतरले. मी तेव्हा निवृत्त होतो, पण सवय जात नाही, वही काढून बसलो. पहिलं सुचलं ते डोळ्यात पाणी. कांद्याची बातमी आणि डोळ्यात पाणी, हे पहिल्याच झटक्यात फुली मारून टाकायचं. दुसरं सुचलं ते कांद्याच्या गोणीवर बसलेला मंत्री. तेही गेलं. पहिल्या दोन कल्पना तुमच्या नसतातच, त्या हवेत तरंगत असतात. मग विचार केला, मार्चपर्यंत बंदी म्हणजे लग्नसराईचं काय? शेतकऱ्याच्या घरात कांद्याच्या पैशावर काय काय अडलेलं असतं? तिथे चित्र सापडलं: छापखान्याचं काउंटर, मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ हातात धरलेला बाप.

आता ओळ. पहिल्यांदा मी लिहिलं, "अहो, तारीख टाका, पण खाली बारीक अक्षरात लिहा की सरकारने कांद्यावरची निर्यातबंदी उठवली तरच लग्न होईल." एवढं कोण वाचणार? 'सरकारने' काढलं, चित्रातला माणूस सरकारचं नाव घेत नाही. 'लग्न होईल' काढलं, हातात पत्रिका दिसतेच आहे. उरलं: "तारखेपुढे कंसात टाका, निर्यातबंदी उठल्यास." बापाचा चेहरा गंभीर हवा. तो विनोद करत नाहीये, तो खरोखरच तशी पत्रिका छापून घेणार आहे. बोलणाऱ्याला आपण विनोदी आहोत हे कळलं की चित्र मेलंच समजा.

कुणाला बोलायला लावायचं, हे आर. के. लक्ष्मण यांच्याकडून शिकावं. १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'तल्या 'यू सेड इट' या पॉकेट कार्टूनमध्ये त्यांचा चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन उभा असायचा, पण बोलायचे ते पुढारी, अधिकारी, त्याची बायको. तो नुसता बघायचा, आणि त्याच्याबरोबर आपणही. ओळ लागतच नसेल तर आणखी उत्तम. शि. द. फडणीस यांची किती चित्रं एका शब्दाशिवाय हसवतात ते बघा. आपली ओळ झाकून चित्र कुणाला तरी दाखवावं. ओळीशिवाय हसला तर ओळ कापा.

सामान फारसं लागत नाही. कार्ट्रिज कागद, काळी ड्रॉइंग इंक, टाक, दोन नंबरचा ब्रश. आता टॅबलेटवर काढतात, काढा, माझी तक्रार नाही. पण मापाचं भान तिथेही लागतं. एक कॉलम म्हणजे छापून साधारण चार सेंटिमीटर रुंदी. चित्र दुप्पट काढायचं, आठ सेंटिमीटर. निम्मं झाल्यावर बारीक रेघ गायब होते, आणि जवळजवळच्या रेघा न्यूजप्रिंटवर शाई पसरून एकमेकींत मिसळतात. मी एकदा एका आमदाराच्या गालावर फार मन लावून आडव्या-उभ्या रेघा मारल्या. सकाळी चेहरा पूर्ण काळा छापलेला. कार्यकर्ते कचेरीत हजर, "साहेबांना काळं का फासलं?" संपादकांनी चहा पाजला, मूळ चित्र दाखवलं, प्रकरण मिटलं. त्या दिवसापासून गालावर तीनच रेघा.

अक्षरांचं मात्र नीट ऐका, कारण हे इंग्रजीवाल्या पुस्तकांत मिळत नाही. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. वेलांटी, रफार, उकार, सगळं बसवायचं तर दोन ओळींत भरपूर अंतर ठेवावं लागतं, म्हणजे चित्राची उंची आधीच कमी धरायची. ओळ आधी पेन्सिलने लिहा, उरलेल्या जागेत माणसं उभी करा. उलटं केलंत तर शेवटचा शब्द कुणाच्या तरी टोपीवर चढतो. आणि अनुस्वार! तो मसुराच्या दाण्याएवढा जाड द्यायचा. दुष्काळाच्या एका वर्षी माझ्या चित्रात कृषी अधिकारी शेतकऱ्याला सांगतोय, "आमच्याकडे फक्त खंत आहे." टिंब बारीक होतं, छपाईत उडालं. पेपरात आलं, "आमच्याकडे फक्त खत आहे." दुपारपर्यंत पेपरच्या फोनवर तीन जणांनी विचारलं, कुठल्या दुकानात मिळतंय.

आता चेहरे. फोटो समोर ठेवून नाक-डोळे उतरवत बसू नका. टीव्हीचा आवाज बंद करून माणूस चालताना, बसताना बघा. काहींची ओळख मानेत असते, काहींची खांद्यात. पाठमोरा काढूनही ओळखू आला तर जमलं. लंगडणं, तोतरेपणा, जात, रंग यांवर चित्र काढायचं नाही. एवढ्यावर मी कधी कुणाशी वाद घातला नाही. रांगेत उभ्या माणसावर हसू आलं तर चित्र पुन्हा बघा, हसू खिडकीच्या आतल्यावर यायला हवं.

वेळेचं म्हणाल तर डाक आवृत्तीचं, म्हणजे लांबच्या गावांना जाणाऱ्या पेपरचं, पान लवकर सुटतं. त्यामुळे मी साडेपाचला पोचून डेस्कवर बातम्या चाळायचो, सहापर्यंत तीन कच्ची चित्रं, साडेसातला पक्कं चित्र उपसंपादकाच्या हातात. तो हसला नाही तरी चालतं, उपसंपादक हसत नसतात. पण त्याने "म्हणजे काय?" विचारलं तर समजावत बसायचं नाही, दुसरं काढायचं.

रोजच्या पेपरात जागा मिळत नसेल तर दिवाळी अंकांना पाठवा. मात्र दिवाळीत नको, पावसाळा लागला की पाठवा, आणि त्यात 'आजची' बातमी नको, चित्र वाचकाच्या हाती पडेपर्यंत ती शिळी झालेली असते.

सही चौकटीच्या आत, कडेपासून अर्धा सेंटिमीटर सोडून करा. माझ्या पहिल्या तीन चित्रांत ती अगदी काठावर होती, पान लावणाऱ्याने कड कापली आणि नाव अर्धंच छापलं गेलं. ती कात्रणं आईने गव्हाच्या डब्यावरच्या वहीत चिकटवून ठेवली होती. उरलेलं अर्धं नाव तिने स्वतः निळ्या पेनने लिहिलंय.