बोटीवर नेट हवंय? आधी उंची मिळवा

आमची बोट शिडाची, फायबरची, ११ मीटर लांब. वर्षातले सात-आठ महिने मी आणि नवरा तिच्यावरच राहतो. माझं काम भाषांतराचं आहे. रोज फाइल पाठवायची असते आणि आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल असतो. म्हणजे नेट गेलं की माझं काम थांबतं, आणि हवामानाचा अंदाज मिळाला नाही तर दोघांच्या जिवाला घोर लागतो. गेल्या काही वर्षांत या एका गोष्टीवर मी खूप वेळ घालवला आहे. त्यातलं जे खरोखर उपयोगी पडलं ते इथे लिहिते.

सुरुवात एका संध्याकाळपासून करते. डोंगराच्या कुशीतल्या एका खाडीत आम्ही नांगर टाकला होता आणि आभाळ भरून येत होतं. हवामानाची फाइल उतरवायची होती, जेमतेम ५० किलोबाइटची. फोनवर रेंजच्या दोन दांड्या दिसत होत्या, पण फाइल काही केल्या येईना. मी डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फोन हातात धरून फिरले. शेवटी नवऱ्याने फोनचा हॉटस्पॉट चालू केला, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद केलं, आणि शीड चढवायच्या जादा दोराला पिशवी बांधून ती डोलकाठीवर चढवायला लागला. पिशवी निम्म्या उंचीवर पोचली असेल नसेल, माझ्या लॅपटॉपवर फाइल उतरलीसुद्धा. पहाटे दोनच्या सुमारास वारा फिरणार होता आणि मग बोट मागच्या खडकांकडे ढकलली जाणार होती. उजेड होता तोवरच आम्ही नांगर उचलला.

ही युक्ती आजही मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगते, कारण तिला पैसे लागत नाहीत. फक्त पिशवीच्या खालच्या बाजूलाही एक दोर बांधा आणि त्याचं टोक खाली अडकवून ठेवा. नाहीतर पिशवी वाऱ्यावर झोके घेत काठीवर आपटते, आणि वर अडकली तर खाली ओढायला काहीच हाताशी राहत नाही.

उंचीने एवढा फरक का पडतो? मोबाइलच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि समुद्रावर पृथ्वीची गोलाईच त्यांच्या आड येते. हिशोब सोपा आहे. अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा, तेवढ्या किलोमीटरवर तिचं क्षितिज. टॉवरचंही तसंच काढून दोन्ही आकडे मिळवा. पाण्यापासून ५० मीटर उंच टॉवरचे २९ किलोमीटर झाले. डेकवर उभं राहून २ मीटरवर धरलेल्या फोनचे जेमतेम ६. काठीच्या टोकाशी, १४ मीटरवर, तेच १५ होतात. म्हणजे ३५ किलोमीटरचे ४४ झाले. मधे डोंगराचा सुळका असेल तर अर्थातच सगळा हिशोब मोडतो. अशा खाडीत बोट २०० मीटर सरकवली तरी टॉवर सुळक्यामागून बाहेर येतो.

आता त्या दोन दांड्यांबद्दल. दांड्या दिसतात म्हणजे टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतंय, एवढंच. टॉवरचे रेडिओ २०-४० वॅट ताकदीचे असतात. फोनची ताकद जास्तीत जास्त ०.२ वॅट. त्यामुळे लांबवर टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो, आपला मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. पान उघडायचं तर आधी आपली मागणी तिकडे पोचायला हवी ना! बोटीवरच्या नेटची निम्मी कोडी इथेच सुटतात. पुढचा सगळा खटाटोप आपला आवाज टॉवरपर्यंत पोचवायचाच आहे.

आणखी एक कारण असतं आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतं. किती लांबच्या फोनपर्यंत दाद द्यायची, हे टॉवरमध्ये ठरवलेलं असतं. फोर-जीच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ही हद्द साधारण १४ किलोमीटरची असते. सेटिंग बदलून ती १०० किलोमीटरपर्यंत नेता येते, पण वस्तीसाठी उभारलेल्या टॉवरवर तशी गरज कुणाला भासत नाही. जुन्या टू-जीत हद्द ३५ किलोमीटर होती. सिग्नल चांगला दिसूनही फोन जोडलाच जात नसेल, तर तुम्ही कदाचित या हद्दीबाहेर आहात आणि कितीही महागडी अँटेना लावून उपयोग नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा, तिचा टॉवर जवळ असू शकतो.

मोजायचं कसं

दांड्यांवर विसंबू नका. प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, असतो. अँड्रॉइडमध्ये तो सेटिंगमधल्या फोनच्या माहितीत, सिमच्या स्थितीखाली सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचं पान उघडतं. आरएसआरपी नावाचा आकडा बघा, टॉवरचा सिग्नल आपल्यापर्यंत किती ताकदीने पोचतो ते तो सांगतो. उणे ८० च्या आसपास असेल तर झकास. उणे १०० ला काम चालतं. उणे ११० ला व्हिडिओ विसरा, मेल पाठवा. उणे १२० ला जे मिळेल ते नशिबाचं. त्याच्या जोडीला एसआयएनआर नावाचा आकडा दिसला तर तोही टिपा. तो गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती हे सांगतो. २० च्या वर उत्तम, शून्याखाली गेला तर सिग्नल जोरदार असूनही नेट रखडतं. बंदराजवळ संध्याकाळी असं हमखास होतं, कारण किनाऱ्यावरची सगळी माणसं त्याच टॉवरला लोंबकळलेली असतात.

बँडही बघा, म्हणजे सिग्नल कोणत्या लहरींच्या पट्ट्यात येतो ते. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झचे बँड लांबवर पोचतात. २३०० आणि २६०० चे वेगवान खरे, पण लवकर दम तोडतात. फोन मात्र वेगाच्या लोभाने कधीकधी त्या कमकुवत बँडलाच चिकटून राहतो. चांगल्या राउटरमध्ये बँड आपल्या हाताने ठरवता येतो. राउटर विकत घेताना ही सोय आहे का, हे मी सगळ्यात आधी विचारेन.

अँटेना आणि केबल

आमच्यासारख्या फायबरग्लासच्या किंवा लाकडी बोटीत सिग्नल आत येतो. पोलाद, ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर तो अडवतात. धातूच्या बोटीत राहणाऱ्यांना बाहेरच्या अँटेनाशिवाय गत्यंतर नाही.

अँटेना चहूबाजूंना बघणारी घ्या. एकाच दिशेला रोखलेली अँटेना धक्क्याला बांधलेल्या बोटीवर उत्तम चालते. नांगरावरची बोट मात्र वाऱ्याबरोबर आणि भरती-ओहोटीबरोबर फिरते, आणि रात्री उठून अँटेना फिरवत बसायला कोण जाणार? चहूबाजूंच्या अँटेनातही ‘जास्त डीबी म्हणजे जास्त चांगली’ असं समजू नका. अँटेना आपली ताकद किती एकवटते, ते डीबीत मोजतात. जास्त डीबीची अँटेना आपली ताकद एका चपट्या चकतीत दाबते. बोट कलंडली की चकतीची एक कड आभाळात आणि दुसरी पाण्यात. शिडाच्या बोटीवर ५-६ डीबीच्या पुढे जायची मला गरज वाटत नाही. फोर-जी एका वेळी दोन अँटेना वापरतं, त्यामुळे डबीत दोन अँटेना असलेली घ्या आणि दोन्ही वायरी जोडा. एकच जोडून दुसरी तशीच सोडून दिलेल्या कितीतरी बोटी मी पाहिल्या आहेत.

केबल हा या सगळ्याचा घात करणारा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबते. अँटेनापासून राउटरपर्यंतच्या केबलमध्ये सिग्नल मीटरमागे मीटर मरत जातो. आरजी-५८ नावाची बारीक केबल सर्रास मिळते. ९०० मेगाहर्ट्झला ती १० मीटरमध्ये साधारण ५ डीबी खाते. म्हणजे निघालेल्या ताकदीच्या एक तृतीयांशाहूनही कमी ताकद पलीकडे पोचते, आणि वरच्या बँडला याहून वाईट. एलएमआर-४०० ही जाड केबल तेवढ्याच लांबीत १.३ डीबीच्या आसपास खाते, पण ती सुमारे एक सेंटिमीटर जाड असते आणि काठीच्या आत सहजी वळत नाही. आम्ही पहिल्या वर्षी बारीक केबल घेतली, अँटेना काठीच्या टोकाला लावली, दिवसभर घाम गाळला, आणि संध्याकाळी आकडा डेकवरच्या फोनपेक्षा वाईट आला. उंचीने जे दिलं होतं ते सगळं केबलने गिळलं.

यावरचा आम्हाला सापडलेला सगळ्यात चांगला तोडगा म्हणजे राउटरच वर नेणं. अँटेना आणि राउटर एकाच पाणबंद डबीत असलेली यंत्रं मिळतात. मग त्यांच्यातली केबल एका वितीचीही नसते. खाली येते ती साधी इथरनेटची वायर. तिच्यातून वीजही वर जाते आणि १०० मीटरपर्यंत तिला काही फरक पडत नाही. आमची डबी काठीच्या पहिल्या आडव्या दांडीवर आहे, पाण्यापासून ७ मीटरवर. अगदी टोकाला न लावायचं कारण साधं आहे. टोकाला व्हीएचएफची, म्हणजे बोटींशी बोलायच्या रेडिओची, अँटेना आहे आणि तिची जागा मी कशालाही देणार नाही. शिवाय दुरुस्तीसाठी ७ मीटर चढणं जमतं.

जोडांमध्ये खारं पाणी शिरलं की महिन्याभरात तांबं हिरवं पडतं. जोड घट्ट पिळा, त्यावर आपल्याआपणच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळा, गुंडाळताना खालून वर जा म्हणजे पाणी पदरांवरून घसरतं. पट्टीवर उन्हाला टिकणारी साधी टेप लावा. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, थेंब तिथून गळून पडतील. दर मोसमाच्या सुरुवातीला मी एक जोड कापून उघडते आणि आत बघते. तांबं लखलखीत असेल तर बाकीच्यांना हात लावत नाही.

सिग्नल मोठा करणारा बूस्टर घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. बऱ्याच देशांत तो परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, कारण बिघडलेला बूस्टर अख्ख्या टॉवरचं काम विस्कटू शकतो. जिथे चालतो तिथेही तो गोंगाटासकट सगळंच मोठं करतो, आणि बरेच बूस्टर दोन अँटेनांचा फायदा घालवतात.

सिम, वीज आणि सवयी

दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा आणि दोन्ही राउटरमध्ये घाला, एक गेलं की दुसरं आपोआप सुरू होईल. मात्र दोन्हींचे टॉवर खरंच वेगळे आहेत का ते तपासा. स्वतःचा एकही टॉवर नसलेल्या, दुसऱ्याचं जाळं भाड्याने वापरणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. सीमेजवळून जाताना राउटरमधलं रोमिंग बंद ठेवा. मोठ्या प्रवासी जहाजावर असाल तर नेटवर्क हाताने निवडा. फोन जहाजाच्या स्वतःच्या, उपग्रहामार्फत चालणाऱ्या जाळ्याला जोडला गेला तर बिल बघवत नाही.

राउटर साधारण ६ वॅट घेतो असं धरलं तर १२ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. इन्व्हर्टर लावून ॲडॅप्टर चालवू नका, त्यात वीज फुकट जाते. थेट १२ व्होल्टवर चालणारा राउटर घ्या. इंजिन सुरू होताना व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन मिनिटं खातो, म्हणून मधे व्होल्टेज स्थिर ठेवणारा एक छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवा. भर कॉलमध्ये नवऱ्याने इंजिन चालू केलं की माझा आवाज जायचा, तो त्रास यानेच संपला.

नकाशे, ॲपची अपडेट्स, फोटोंचा बॅकअप हे सगळं धक्क्यावर असताना उरकून घ्या. बोटीवर लॅपटॉपला सांगून ठेवा की हे कनेक्शन मोजून मिळतं, म्हणजे तो पाठीमागून परस्पर काही उतरवत बसणार नाही. कॉलमध्ये कॅमेरा बंद केला तर आवाज उणे १०५ लाही नीट जातो.

किनारा क्षितिजाआड गेला की उपग्रहच. स्टारलिंक या नेट देणाऱ्या सेवेचे उपग्रह पाचेकशे किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे त्यावर कॉल मोकळेपणाने होतो. ३५,७८६ किलोमीटरवरच्या जुन्या पद्धतीच्या उपग्रहांवर प्रत्येक वाक्यानंतर अर्धा सेकंद थांबावं लागतं. लहान तबकडी ३० वॅटच्या आसपास घेते, म्हणजे दिवसाला ६० अँपिअर-तास, राउटरच्या पाचपट. ती विकत घेण्याआधी बॅटरी आणि सोलरचा हिशोब मांडा. परवानगीही विचारून घ्या. काही देशांत सॅटेलाइट फोन नुसता जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा ठरतं.

आणि हे कळकळीने सांगते, कितीही चांगलं नेट असलं तरी व्हीएचएफ चालू ठेवा. फोन एकालाच लागतो. व्हीएचएफच्या चॅनेल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनेलवर, दिलेली हाक आसपासच्या सगळ्या बोटी ऐकतात, आणि मदतीला आधी त्याच येतात.

आता आमच्या वहीत प्रत्येक नांगराच्या जागेपुढे खोली आणि तळ यांच्या शेजारी तिसरा रकाना आहे: कंपनी, बँड, आरएसआरपी. नांगर टाकायच्या आधी आम्ही त्या जागेवरून एक संथ फेरी मारतो. नवरा खोली वाचतो, मी फोनवरचा आकडा वाचते. गेल्या वेळी सुळक्याच्या आत उणे ११४ होता आणि खाडीच्या तोंडाशी उणे ९७. तोंडाशी लाट जरा जास्त होती, पण दुसऱ्या दिवशी माझा कॉल होता, म्हणून आम्ही तिथेच थांबलो.