डिटात मजकूर एकदाच लिहायचा, तर आधी काय काय तयार हवं

डिटा ही तांत्रिक पुस्तिका टॅग लावून, तुकड्यातुकड्यांत लिहिण्याची एक्सएमएलवर आधारलेली पद्धत, आणि कॉनरेफ म्हणजे एका ठिकाणी लिहिलेला मजकूर दुसऱ्या ठिकाणी ओढून आणणारा संदर्भ. पहिला कॉनरेफ लिहिण्याआधी सध्याच्या पुस्तिकांचे प्रिंट आणि दोन रंगांचे पेन घेऊन बसा. जो मजकूर शब्दशः सारखा आहे त्याला एक रंग, जवळजवळ सारखा आहे त्याला दुसरा. खरं काम दुसऱ्या रंगाचं. समजा, पाण्याच्या पंपाच्या तीन मॉडेलांच्या पुस्तिका आहेत. एकीत ‘वीजपुरवठा बंद करा’, दुसरीत ‘मेन स्विच बंद करा’, तिसरीत ‘वीज बंद असल्याची खात्री करा’. पहिल्या दोन ठिकाणी कृती सांगितली आहे, तिसऱ्या ठिकाणी फक्त तपासणी. यातलं काय राहणार हे पंप बनवणाऱ्यांकडून आणि सुरक्षेची जबाबदारी असणाऱ्यांकडून लेखी ठरवून घ्या. हे न ठरवता टॅग लावायला बसलं, तर तिन्ही वाक्यं पुनर्वापराच्या मजकुराच्या गोदामात जातात आणि पुनर्वापर नावापुरता उरतो.

मग तुकडा केवढा ठेवायचा ते ठरवा. पूर्ण वाक्य, पूर्ण पायरी, पूर्ण धोक्याची सूचना, त्याहून बारीक नको. मराठीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. उपकरणाचं नाव एका की-नावात (खऱ्या मजकुराच्या जागी लिहायच्या नावात) ठेवलं, ‘पंखा’, आणि वाक्यात त्यापुढे ‘ला’ जोडला, तर छापून येतं ‘पंखाला’. ‘पंख्याला’ हे सामान्यरूप कुठलंही सॉफ्टवेअर आपोआप करून देत नाही. लिंगाचंही तेच: ‘बटण दाबले’ लिहिलेल्या वाक्यात उद्या ‘कळ’ आली की ‘कळ दाबले’. इंग्रजी मूळ लिहिणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही, भाषांतर करणाऱ्याच्या गळ्यात येते. शब्दाच्या पातळीवर की-नाव हवंच असेल, तर त्यात मॉडेल क्रमांकासारखं प्रत्यय न लागणारं काही ठेवा आणि वाक्य तसं बांधा: ‘मॉडेल ३० या पंपाला’.

आता गोदाम. पुनर्वापराचा मजकूर नेहमीच्या टॉपिकमधून, म्हणजे पुस्तिकेतल्या एकेका विषयाच्या मजकुरातून, ओढायचा नाही, त्यासाठी वेगळे टॉपिक करा: एक सूचनांचा, एक पायऱ्यांचा, एक तांत्रिक मापांचा. कारण साधं आहे. नेहमीचा टॉपिक ज्याचा असतो तो त्यातलं वाक्य बदलतो, आणि ते आणखी अकरा ठिकाणी दिसतं हे त्याला ठाऊक नसतं.

प्रत्येक घटकाचा, म्हणजे टॅग लावलेल्या तुकड्याचा, आयडी (ओळखीचं नाव) अर्थावरून ठेवा. ‘टीप-३’ नको, ‘वीज-बंद’ हवा, कारण क्रम बदलला की ‘टीप-३’ तिसरी राहत नाही. डिटा १.३ मध्ये टॉपिकचा आयडी एक्सएमएलच्या नियमाने तपासला जातो: तो अंकाने सुरू होत नाही आणि एका फाइलमध्ये दोनदा येऊ शकत नाही. टॉपिकच्या आतल्या घटकांना मात्र ही तपासणी लागू नाही. कॉपी-पेस्ट करताना दोन घटकांवर एकच आयडी राहिला, तरी फाइल नियमात आहे का ते पाहणारा साधा व्हॅलिडेटर गप्प बसतो आणि भलतंच वाक्य छापलं जातं. त्यासाठी वेगळी तपासणी आधीच लावून ठेवा.

साध्या कॉनरेफमध्ये पत्ता असा लिहितात: फाइलचं नाव, हॅश, टॉपिकचा आयडी, तिरकी रेघ, घटकाचा आयडी. टॉपिकचा आयडी गाळणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की असे सगळे पत्ते तुटतात, म्हणून कॉनकीरेफ, म्हणजे फाइलऐवजी की-नावावरून ओढणारा संदर्भ, वापरा. ही सोय डिटा १.२ पासून, म्हणजे २०१० पासून आहे. त्यात फक्त की-नाव, तिरकी रेघ आणि घटकाचा आयडी लागतो. फाइल कुठे आहे ते मॅपमधल्या (पुस्तिकेत कोणते टॉपिक येणार त्या यादीतल्या) कीडेफला, म्हणजे की-नावाच्या व्याख्येला, माहीत असतं. इथे कीडेफच वापरा, टॉपिक पुस्तिकेत घेणारा साधा टॉपिकरेफ नको. नाहीतर अख्खं गोदाम पुस्तिकेत एक प्रकरण बनून छापलं जातं.

एकच की-नाव दोन मॅपमध्ये असेल तर कोणतं चालणार? मॅपच्या झाडात वरच्या पातळीचं. मूळ मॅपमधली व्याख्या सबमॅपच्या (आत जोडलेल्या मॅपच्या) उल्लेखाखाली लिहिली असली तरी तीच चालते. दोन सबमॅप एकाच पातळीवर असतील, तर आधी उल्लेख झालेला. दुहेरी व्याख्या ही चूक मानलीच जात नाही, त्यामुळे बिल्ड, म्हणजे पुस्तिका तयार करण्याची प्रक्रिया, त्यावर थांबणार नाही.

पायरी ओढताना ओढणाऱ्या ‘स्टेप’ या पायरीच्या टॅगमध्ये रिकामा ‘सीएमडी’ (कृतीच्या वाक्याचा टॅग) ठेवावा लागतो, नाहीतर फाइल वैध ठरत नाही. शिवाय ओढणाऱ्या घटकाच्या टॅगमध्ये गुणधर्म म्हणून लिहिलेला अ‍ॅट्रिब्यूट मूळ घटकावरच्या त्याच अ‍ॅट्रिब्यूटला मागे टाकतो. गोदामात ‘नोट’चा प्रकार ‘वॉर्निंग’ आहे, आणि टेम्प्लेटमधून उचललेल्या ओढणाऱ्या ‘नोट’वर प्रकार ‘नोट’ लिहिलेला राहिला, तर शॉक लागण्याचा इशारा साध्या टिपेच्या चिन्हासह छापला जातो. मजकूर बरोबर असल्यामुळे प्रूफ वाचणाऱ्याच्याही नजरेतून हे सुटतं. टेम्प्लेट साफ करा.

मॉडेलप्रमाणे मजकूर गाळणाऱ्या फिल्टरचे अ‍ॅट्रिब्यूट शक्यतो ओढणाऱ्या बाजूला लावा. गोदामातला घटकच फिल्टरने वगळला, तर ओढणाऱ्या ठिकाणी भोक पडतं. डिटामधून पुस्तिका तयार करणाऱ्या डिटा ओपन टूलकिट या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये तेव्हा ‘डीओटीएक्स०१०ई’ हा संदेश दिसतो: कॉनरेफचं लक्ष्य सापडलं नाही. हा संदेश आला की पाहिजे तो एचटीएमएल तयार झालेला असला तरी बिल्ड नापास धरायचं, असा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

साखळीही टाळा. गोदामाने दुसऱ्या गोदामातून ओढलं, त्याने तिसऱ्यातून, की वाक्य नेमकं कुठे बदलायचं ते कोणालाच सापडत नाही. एक उडी पुरे.

शेवटी गोदामाच्या प्रत्येक फाइलला एक मालक नेमा, आणि वाक्य बदलण्याआधी ते कुठे कुठे वापरलंय याचा शोध त्यानेच घ्यायचा असं ठरवा. नवं वाक्य फक्त एकाच मॉडेलला लागू असेल, तर जुना आयडी तसाच राहू द्या आणि शेजारी नवा घटक लिहा.