एअर रायफलसाठी पेलेट कसं निवडावं: वजनाचा प्रश्न आणि त्याच्या पुढचा

बालेवाडीच्या रेंजवर नवीन मुलं आली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, किती वजनाचं पेलेट (एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) घ्यायचं?" कुणी तरी त्यांना सांगितलेलं असतं की जड पेलेट स्थिर जातं, हलकं वेगात जातं, दोन्ही आणून बघा. मग घरात पाच-सहा अर्धवट डबे साठतात आणि मुलाचा स्कोअर तिथेच राहतो.

वजनाचं एका परिच्छेदात संपवते. १० मीटर एअर रायफलला ०.५३ ग्रॅम, म्हणजे ८.२ ग्रेनच्या आसपासचं मॅच (म्हणजे स्पर्धेसाठीचं) पेलेट घ्या. ०.४५ ते ०.५० ग्रॅमची पेलेट्स मुख्यतः पिस्तुलासाठी बनवतात. मॅच रायफलची ताकद साधारण ७.५ ज्यूल असते. तेवढ्या ताकदीवर ०.५३ ग्रॅमचं पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या जवळपास वेगाने निघतं आणि टार्गेटपर्यंत जाताना साधारण साडेसतरा मिलिमीटर खाली येतं. ०.४५ ग्रॅमचं पेलेट जास्त वेगात जातं, म्हणून सुमारे १५ मिलिमीटरच पडतं. फरक झाला अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे टार्गेटवर जवळजवळ एक रिंग. वजन बदललं की ग्रुप, म्हणजे एका नेमावर मारलेल्या शॉटच्या भोकांचा पुंजका, वर-खाली सरकतो. तो लहान होईल असं मात्र नाही. सरकलेला ग्रुप साइटच्या (नेम धरायच्या भिंगाच्या) काही क्लिकनी जागेवर येतो, मोठा ग्रुप कशानेच येत नाही.

एकेक पेलेट काट्यावर ठेवून निवडणारेही भेटतात. सराफाकडे असतो तसा मिलिग्रॅमचा काटा आणून मीही एक अख्खा रविवार यात घालवला आहे. ५ मिलिग्रॅमचा फरक म्हणजे वजनात साधारण १ टक्का. त्याने पेलेट ०.२ मिलिमीटरसुद्धा सरकत नाही आणि दशांश गुणातला ०.१ चा टप्पा ०.२५ मिलिमीटरचा असतो. चांगल्या मॅच डब्यात एवढाही फरक क्वचित सापडतो. तो वेळ होल्डिंगला, म्हणजे रायफल स्थिर धरण्याच्या सरावाला द्या.

खरी निवड डोक्याच्या मापाची. पेलेट डमरूसारखं असतं: पुढे डोकं, मध्ये कंबर, मागे पातळ स्कर्ट. स्कर्ट हवेच्या दाबाने फुलून बॅरलला चिकटतो आणि हवा अडवतो. डोकं बॅरलमधल्या खाचांच्या कडांवरून सरळ चालतं. डोकं सैल असेल तर पेलेट किंचित तिरकं निघतं, घट्ट असेल तर शिसं जास्त दाबलं जातं. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं ते हेच माप. दोन बॅरल एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेली असली तरी त्यांची आवड वेगळी असू शकते. त्यामुळे "अमक्या चॅम्पियनचं ४.५० आहे" ही माहिती तुमच्या कामाची नाही. तिन्ही मापांचा एकेक डबा आणा. दोन कंपन्यांचे आणलेत तर सहा. त्याहून जास्त नको.

ब्रँड बदलताना बॅरल साफ व्हावं म्हणून त्यातून फेल्टचे दोन-तीन तुकडे मारा आणि मोजणीआधी नवीन डब्यातली २०-२५ पेलेट्स खर्च करा.

आता चाचणी. इथे मी एक अख्खा सीझन गमावला, म्हणून सविस्तर सांगते.

तेव्हा मी प्रत्येक डब्यातून पाच शॉट मारले. एका डब्याचा ग्रुप इतका सुरेख आला की पाचही भोकांचं मिळून एक भोक दिसत होतं. त्याच दिवशी त्या लॉटचे, म्हणजे कारखान्यातल्या त्याच खेपेचे, दहा डबे घेतले. नंतर महिनोन्‌महिने १०.५ वाटलेला शॉट ९.९ निघायचा आणि मी ट्रिगरला, श्वासाला, बुटांना दोष देत राहिले. शेवटी रायफल तिला घट्ट धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमध्ये लावली तेव्हा कळलं की तो लॉट माझ्या बॅरलला सामान्यच होता. तो एक ग्रुप निव्वळ योगायोगाने लहान आला होता.

पाच शॉटचा ग्रुप फार फसवा असतो. एकाच डब्यातून, एकाच क्लॅम्पवरून पाच-पाचचे ग्रुप मारत राहा. एक १ मिलिमीटरचा येईल, पुढचा दीडचा, काहीही बदललेलं नसताना. आपण त्यातला सर्वात लहान लक्षात ठेवतो आणि त्यावर निर्णय घेतो. म्हणून माझा नियम असा: प्रत्येक डब्याचे दहा-दहा शॉटचे किमान चार ग्रुप, प्रत्येकाला नवा कागद, आणि तुलना फक्त सरासरीची. एका डब्याचे पाच शॉट आणि दुसऱ्याचे दहा अशी तुलना कधीच करू नका. शॉट वाढले की ग्रुप मोठा होणारच. दहाचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे सव्वापट येतो.

क्रमही महत्त्वाचा. पहिल्या डब्याचे चारही ग्रुप संपवून मग दुसरा डबा असं करू नका. तोवर सिलिंडरचा दाब उतरतो, पत्र्याखालची रेंज असेल तर दुपारी हवा तापते, आणि त्याचा दोष शेवटच्या डब्याच्या माथी बसतो. पहिल्या फेरीत क, ख, ग, दुसऱ्या फेरीत ग, ख, क असं उलटसुलट जा.

क्लॅम्प पेलेट भरतो त्या धातूच्या भागाला, म्हणजे रायफलच्या अ‍ॅक्शनला लावा, बॅरलला हात लावू नका. क्लॅम्प नसेल तर बसून, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या ठेवून मारा. उभं राहून पेलेटची परीक्षा होत नाही, त्यात तुमच्याच हाताची हालचाल मोजली जाते.

आणि सर्वात कळकळीची सूचना: बाहेर गेलेला शॉट वगळू नका. "तो माझ्याकडून चुकला" म्हणावंसं वाटतं, विशेषतः डबा महाग असेल तेव्हा. क्लॅम्पमध्ये तुम्ही काहीच चुकवत नाही. दहातला नववा शॉट बाजूला जात असेल तर ते त्या पेलेटचं वागणं आहे आणि स्पर्धेच्या ६० शॉटमध्ये ते पाच-सहा वेळा भेटेल. मी आता डब्यांची नावं झाकायला लावते. मैत्रीण नुसत्या आकड्यांच्या वाट्यांतून पेलेट्स देते, मोजून झाल्यावरच नावं उघडायची.

मोजताना भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वात लांब अंतर घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा. कागद फाटतो, त्यामुळे आकडा अगदी तंतोतंत नसतो, पण सगळ्या डब्यांना तोच कागद वापरला की तुलना चालते. दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा आणि पेलेट ४.५ चं, म्हणून केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंतचा शॉट दहा धरला जातो. १०.९ ला मात्र पाव मिलिमीटरच मिळतो. दोन डब्यांच्या सरासरीत ०.१ मिलिमीटरचा फरक असेल तर स्वस्त किंवा सहज मिळणारा घ्या.

ज्याचे ६० शॉटचे दशांश गुण अजून ६०० च्या खाली आहेत त्याने हा खटाटोप करूच नये. कोणतंही नामांकित मॅच पेलेट ४.५० मध्ये घ्यावं आणि सराव करावा.

५० मीटरवर .२२ कॅलिबरची रायफल मारणाऱ्यांना तर वजनाचा प्रश्नच फारसा येत नाही. मॅचची गोळी बहुतेक ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची असते. बालेवाडीतच सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते याच अंतरावर. तिथेही निवड लॉटचीच असते आणि चाचणी हीच, फक्त ग्रुप मोठे.

लॉट ठरला की डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहा आणि परवडतील तेवढे डबे एकदम घ्या. डब्यात ५०० पेलेट्स असतात. रोज १०० मारणाऱ्याला दहा डबे ५० दिवस पुरतात. पावसाळ्यात डबे घट्ट बंद करून घरात कोरड्या कपाटात ठेवा. शिशावर पांढरी भुकटी धरलेली पेलेट्स वापरू नका. शिसं हाताळल्यावर जेवणाच्या डब्याला हात लावण्याआधी हात साबणाने धुवा, मुलांना तर समोर उभं राहून धुवायला लावा. नवा लॉट उघडलात की पहिले दहा शॉट साइट जुळवण्यासाठी ठेवा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाही, किमान आठवडाभर आधी.