ऑक्सिजन किती तास पुरेल? मॅनिफोल्ड रूममधला रोजचा हिशेब

“आज किती सिलिंडर भरलेले आहेत?” हा प्रश्न मॅनिफोल्ड रूममध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या पाइपलाइनला ऑक्सिजन सिलिंडर जोडलेल्या खोलीत, रोज विचारला जातो, पण त्याच्या उत्तराचा फारसा उपयोग नसतो. वॉर्डमधली ओढ तासागणिक बदलते. त्यामुळे रजिस्टरमध्ये सिलिंडरच्या आकड्याशेजारी, आत्ताच्या वापराने साठा किती तास पुरेल हे प्रत्येक पाळीला लिहायला हवं.

हिशेब अगदी सोपा आहे. सिलिंडरमध्ये पाणी किती लिटर मावतं, त्याला गेजवर दिसणाऱ्या दाबाच्या आकड्याने (बारमध्ये) गुणायचं. ४७ लिटरचा मोठा सिलिंडर १३० बारवर असेल तर त्यात सुमारे ६,१०० लिटर ऑक्सिजन आहे. शेवटचे १० बार हिशेबात धरू नयेत, कारण तिथे लाइनचं प्रेशर डगमगायला लागतं. म्हणजे १० सिलिंडरच्या एका बँकेतून (एकत्र जोडलेल्या सिलिंडरच्या रांगेतून) हाताला लागणारा ऑक्सिजन ४७ × १२० × १०, म्हणजे ५६,४०० लिटर.

आता वापर काढा. १२ रुग्ण ५ लिटरवर म्हणजे मिनिटाला ६० लिटर, ४ रुग्ण मास्कवर १५ लिटरने म्हणजे आणखी ६०. शिवाय दोन हाय फ्लो मशिन (नाकातून जोराचा प्रवाह देणाऱ्या) ५० लिटर प्रवाहावर, ६० टक्के ऑक्सिजन देणाऱ्या. यात बाकीची हवा असल्यामुळे लाइनमधून प्रत्येकीला साधारण २५ लिटर ऑक्सिजन लागतो, दोन्हींचे ५०. एकूण १७० लिटर मिनिटाला, म्हणजे १०,२०० लिटर तासाला. बँक साडेपाच तास पुरेल. रात्री एखादा रुग्ण ६० लिटर प्रवाहावर, १०० टक्के ऑक्सिजनवर गेला, तर हीच बँक जेमतेम चार तासांत संपते. म्हणून हाय फ्लो किंवा व्हेंटिलेटर सुरू झाला की वॉर्डने मॅनिफोल्ड रूमला फोन करायचा, हा नियम हवाच.

या हिशेबात एक खड्डा आहे. बँकेतले सगळे सिलिंडर ज्या पाइपला जोडलेले असतात त्या हेडरचं गेज फक्त प्रेशर दाखवतं. किती सिलिंडर उघडे आहेत ते सांगत नाही. १० पैकी ७ सिलिंडरचेच वॉल्व्ह उघडले असले, तरी काटा १३० वरच उभा राहतो आणि साडेपाच तासांचे चार तासांच्या आत होतात. म्हणून बँक लावल्यावर प्रत्येक वॉल्व्हला हात लावून तपासायचं. संपलेल्या बँकेतून एखादा सिलिंडर भरलेलाच निघाला, तर तो उघडायचा राहून गेला होता किंवा त्याच्या पिगटेलचा (सिलिंडर हेडरला जोडणाऱ्या नळीचा) नॉन-रिटर्न वॉल्व्ह, म्हणजे वायू उलटा जाऊ न देणारा वॉल्व्ह, अडकला आहे. दोन्हीची नोंद करा.

बँक बदलताना क्रम चुकवू नका. आधी ऑटो चेंजओव्हर, म्हणजे एक बँक संपली की आपोआप दुसरी सुरू करणारी यंत्रणा, दुसऱ्या बँकेवर गेला आहे आणि लाइन प्रेशर सुमारे ४ बारवर स्थिर आहे, हे पाहा. रिकाम्या बाजूचे सिलिंडर वॉल्व्ह बंद करा, पिगटेलमधला दाब सोडून द्या आणि मगच नट सैल करा. नवा सिलिंडर साखळीने बांधा. त्याच्या अंगाचा रंग देशागणिक वेगळा असू शकतो, तेव्हा लेबल वाचूनच तो जोडायचा. तोंड माणसांपासून दूर ठेवून वॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाईल. वॉशर पाहा, नट घट्ट करा. पान्यावर, हातावर, हातमोज्यावर तेल, ग्रीस किंवा क्रीम अजिबात नको. मग वॉल्व्ह हळूहळू उघडा. झटक्यात उघडला तर पुढे दाबला जाणारा वायू एकदम तापतो, आणि दाबाच्या ऑक्सिजनमध्ये वॉशर किंवा चिकटलेली घाण पेट घ्यायला तेवढं पुरतं. शेवटी ऑक्सिजनला चालणारं लीक तपासण्याचं द्रावण जोडावर लावून बुडबुडे येतात का पाहा.

नायट्रस ऑक्साइडला हा हिशेब लागू नाही. तो सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव संपेपर्यंत काटा जवळपास हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. तो वजन करूनच मोजायचा. रिकामं वजन सिलिंडरवर कोरलेलं असतं.

लो प्रेशरचा अलार्म वाजला की आधी तो एकाच वॉर्डात आहे की सगळीकडे, हे विचारा. सगळीकडे असेल तर बँक, चेंजओव्हर किंवा रेग्युलेटर पाहा आणि रिझर्व्ह बँक उघडा. एकाच वॉर्डात असेल तर झोनल वॉल्व्ह (त्या भागाचा पुरवठा बंद करणारा वॉल्व्ह) अर्धवट बंद राहिला आहे का, आउटलेट फुटलं आहे का, एकदम ओढ वाढली आहे का, ते तपासा. ओढ वाढली की लाइनच्या शेवटच्या टोकाला प्रेशर आधी पडतं, म्हणून एक गेज तिथेही हवं. दुरुस्तीसाठी झोनल वॉल्व्ह बंद करायची वेळ आली, तर त्या वॉल्व्हवरच्या प्रत्येक बेडचा रुग्ण सुट्या सिलिंडरवर गेला आहे असं सिस्टरने स्वतः सांगेपर्यंत हँडलला हात लावायचा नाही. कोणत्या वॉल्व्हवर कोणते बेड, हे बॉक्सवर ठळक लिहिलेलं असू द्या.

रिकाम्या बेडवर उघडे राहिलेले फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर सोडायचे ते ठरवणारं बेडजवळचं उपकरण) ही रोजची गळती आहे. ५ लिटरवर राहिलेला एक फ्लोमीटर २४ तासांत ७,२०० लिटर, म्हणजे एका मोठ्या सिलिंडरहून जास्त ऑक्सिजन घालवतो. शिवाय साचलेल्या ऑक्सिजनमुळे चादर आणि गादी झपाट्याने पेट घेऊ शकतात.

पाइपलाइन कापून जोडली असेल, तर आउटलेटमधून वायू येतोय एवढ्यावर समाधान मानू नका. ब्रेझिंगच्या (तापवून पाइप जोडण्याच्या) वेळी पाइपमध्ये सोडलेला नायट्रोजनही ऑक्सिजनसारखाच सुस्कारत बाहेर येतो आणि प्रेशरही बरोबर दाखवतो. लाइन पर्ज करून, म्हणजे ऑक्सिजन सोडून आतला वायू बाहेर काढून, प्रत्येक आउटलेटवर, एकही न वगळता, ऑक्सिजन ॲनालायझर लावा. सिलिंडर किंवा लिक्विड टाकीचा पुरवठा असेल तर आकडा ९९ टक्क्यांच्या आसपास यायला हवा, पीएसए प्लांट (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा) असेल तर ९० ते ९६. २१ दिसलं तर त्या लाइनमध्ये हवा आहे, त्याखाली दिसलं तर नायट्रोजन किंवा दुसराच वायू. दोन्ही वेळा तो झोन रुग्णांसाठी बंदच ठेवायचा.