जाड्या दलियावर बिडाच्या तव्यातलं चिकन

खाली धान्य, वर चिकन आणि भाज्या असा बाउल बिघडतो तो बहुतेक वेळा चिकनमुळे नाही, खालच्या धान्यामुळे. चिकनकडे सगळ्यांचं लक्ष असतं. दलिया मात्र कुकरला लावून मोकळे होतात आणि मग पथ्याला करतात तसला लगदा पुढे येतो. म्हणून आधी दलियाचंच सांगते.

इंदूरला राहून किनोआसारख्या परदेशी धान्याच्या मागे लागायचं मला तरी काही कारण दिसत नाही. माळव्याचा काठिया गहू दाण्याला कडक, रंगाने पिवळसर, शिजल्यावरही दाण्याला दाणा राहतो. मी सियागंज बाजारातून त्याचा जाडा दलिया आणते. बारीक घेऊ नका, तो खिरीला ठीक. दोघांना एक वाटी. चमचाभर तुपावर मंद आचेवर परता. दाणे कढईत खडखड वाजायला लागले आणि खमंग वास सुटला की दोन वाट्या उकळतं पाणी, मीठ आणि वर झाकण. पंधरा-सतरा मिनिटांत पाणी आटतं. गॅस बंद करून झाकण तसंच दहा मिनिटं राहू द्या, मग परातीत पसरून काट्याने मोकळा करा.

चिकन बोनलेस लेगचं घ्या, 350 ग्रॅम. ब्रेस्ट तव्यावर जरा जास्त राहिलं की कोरडं पडतं. लेगला चरबी असते, ते सांभाळून घेतं. जाड भागावर सुरी फिरवून तुकडा सगळीकडून सारख्या जाडीचा करा. तीन चमचे चक्का, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि चमचाभर मोहरीचं तेल चोळून दोन तास फ्रिजमध्ये.

सासूबाई शाकाहारी, त्यामुळे आमच्याकडे चिकनचा बिडाचा तवा वेगळा. ग्रिल नसलं तरी त्या तव्याने काही अडत नाही. पाच मिनिटं चांगला तापवा. चिकनवरचं जास्तीचं दही निपटून काढा, नाहीतर दह्याला पाणी सुटतं आणि चिकन भाजायच्याऐवजी शिजतं. तेल तव्याला नको, चिकनला लावा. एकदा ठेवलं की पाच-सहा मिनिटं हलवायचं नाही. उलथनं सारखं खाली घालणाऱ्यांना मी स्वयंपाकघरातून बाहेर काढते. खालची बाजू नीट भाजली की तुकडा आपोआप तवा सोडतो. उलटून आणखी चार-पाच मिनिटं. थर्मामीटर असेल तर जाड भागात 74 अंश बघा. नसेल तर तिथेच चीर देऊन बघा, आत गुलाबी नको आणि रस स्वच्छ हवा.

ताटलीत काढून पाच मिनिटं तसंच ठेवा, मग कापा. ताटलीत जो रस जमतो तो दलियात मिसळायचा. तो सिंकमध्ये ओतणं म्हणजे पाप. जिरावण, म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर घालतात तो मसाला, आत्ता भुरभुरा, तव्यावर असताना नाही. त्यातले मसाले आधीच भाजलेले असतात, तापल्या बिडावर ते करपून कडू होतात.

ड्रेसिंग म्हणून मी कोशिंबिरीची वाट धरते. चमचाभर मोहरी पाण्याच्या थेंबाथेंबावर खलबत्त्यात फेसायची, नाकात झिणझिण्या आल्या पाहिजेत, मग वाटीभर दही, मीठ, चिमूटभर साखर. काकडी, कांदा, टोमॅटो, असतील तर मोड आलेले मूग वाफवून.

खाली दलिया, बाजूला भाज्या, वर चिकन आणि दही. सासूबाईंच्या वाडग्यात चिकनच्या जागी पनीर, तेही त्यांच्या तव्यावरचं. त्यांच्यासाठी दलिया रस घालण्याआधी काढून ठेवते. लवंगेची सेव मात्र त्या मागून घेतातच, आणि मुलगा प्रोटीनचा हिशोब करत करत त्यांच्यापेक्षा जास्त घेतो. डब्यात न्यायचं असेल तर दही वेगळ्या डबीत आणि सेव पुडीत.