तुलांबेनच्या ‘लिबर्टी’वर उतरण्याआधी

आधी बूट. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे डायव्हिंगचे बूट आणि त्यांवर चढणारे पट्ट्याचे फिन्स, म्हणजे पोहायचे पंख. ‘लिबर्टी’ हे बुडालेलं जहाज बघायला बालीतल्या तुलांबेनच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरायचं, आणि तिथे पायाला काळे गोटेच लागतात, अगुंग ज्वालामुखीची कृपा. लाट आली की ते पायाखालून सरकतात आणि पाठीवर सिलिंडर असतं. मागच्या वेळी नेमके बूटच घरी राहिले होते, म्हणून ही यादी. तिथे भाड्याने मिळतात, पण आपल्या मापाचे मिळतीलच असं नाही.

मास्क, खोली-वेळ मोजणारा डाइव्ह कम्प्युटर, डायव्हिंगचं सर्टिफिकेट: हे काय सांगायचं! वेटसूट तीन मिलिमीटरचा पुरतो, पण पूर्ण बाह्यांचा घ्या. गंजका पत्रा ओरबाडतो.

जहाजाची हकीकत वाचून जा, म्हणजे खाली काय बघतोय ते कळतं. जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीने अमेरिकी लष्कराच्या या मालवाहू जहाजावर टॉर्पेडो डागला. ओढून नेताना पाणी भरत गेलं, तेव्हा तुलांबेनला किनाऱ्यावर चढवलं. 1963 मध्ये अगुंगच्या उद्रेकाने ते परत समुद्रात ढकललं. म्हणूनच ते काठाला इतकं लगटून आहे. बोट लागत नाही, चालत उतरायचं. चालत, गोट्यांवरून! बूट!

वरचा भाग पाचेक मीटरवर, तळ तीसच्या आसपास. ओपन वॉटरवाल्यांनी, म्हणजे पहिल्या पातळीचं सर्टिफिकेट असलेल्यांनी, अठरा मीटरची मर्यादा पाळावी, तेवढ्यातही पोट भरतं. टॉर्च दिवसासुद्धा हवा, नाहीतर सगळं निळं-करडं दिसतं. हातमोजे नकोत, घातले की प्रवाळाला हात लावायचा मोह होतो. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर आत घुसू नका, गाइड पुढे गेला तरी. पहाटे उतरा, नऊनंतर दक्षिण बालीच्या गाड्या येतात आणि खाली जत्रा भरते.

सिलिंडर गावातल्या बायका डोक्यावरून वाहतात. तिथे घासाघीस करू नका. तुमच्या पायात निदान बूट तरी असतील ना?

बाकी पटापट. शेवटच्या डाइव्हनंतर अठरा तास विमान नको, उंचावर दाब कमी झाला की अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. किंतामणीचा घाटही त्या दिवशी नको, रस्ता फार उंचावर चढतो, किनाऱ्याने परता. विम्यात डायव्हिंग धरलंय का ते तपासा. पाणी, टोपी, सुटे रुपिया.